गाय गाभडते, माणूस तापतो

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या मेळाव्यात दुधाच्या भावावर बोलणं झालं, पेंडीच्या दरावर झालं, विजेच्या बिलावर झालं. माझा विषय ऐकून सकाळी एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं मला विचारलं, "अहो, रोगराईवर डॉक्टरांनी बोलावं. तुम्ही कशाला?" प्रश्न बरोबर आहे. मी माणसांचा डॉक्टर नाही, जनावरांचाही नाही. शेतकी कॉलेजची पदवी घेतलेला, काही वर्षं बांधाबांधावर खतं-औषधं सांगत फिरलेला आणि मग तुमच्यात येऊन बसलेला माणूस. पण हा विषय माझ्या घरातला आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आज चारचौघांत सांगायची असं ठरवून आलो आहे.

आमच्या गोठ्यातली गोष्ट

आमच्या दावणीला सहा संकरित गायी होत्या. त्यातली एक, दुसऱ्या वेताची, सातव्या महिन्यात गाभडली. रात्रीची वेळ होती. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, उघड्या हातानं मेलेलं वासरू ओढून काढलं. वार अडकली होती, तीही त्यानंच दुसऱ्या दिवशी हात घालून काढली. आईनं खालची ओली वैरण गोळा करून उकिरड्यावर टाकली. वासरू ओढ्याच्या कडेला टाकलं, ते कुत्र्यांनी नेलं. ज्यांच्याकडं दुभतं आहे त्यांनी आठवून पाहावं, यात जगावेगळं काय झालं? काहीच नाही. आपल्या सगळ्यांच्या गोठ्यात असंच होतं.

तीन आठवड्यांनी दादाला ताप आला. दिवसा बरा असायचा, संध्याकाळी अंग तापायचं, रात्री घामानं गोधडी भिजायची. कंबर धरली, गुडघे धरले. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉईड म्हणून औषध दिलं. आठ दिवस उतार पडला, पुन्हा ताप. मग मलेरियाच्या गोळ्या झाल्या. मग तालुक्याला नेलं, तिथं क्षयाची शंका निघाली, छातीचे फोटो झाले. चार महिने हे चाललं. ६० हजार रुपये गेले. पहाटे चारला उठून धारा काढणारा माणूस ओसरीवर बसून राहायला लागला. भावकीत कुणी म्हणालं बाहेरचं असेल, कुणी म्हणालं कामाचा कंटाळा आला असेल. त्याला हे ऐकू जायचं. तापापेक्षा त्याचाच त्रास त्याला जास्त झाला.

शेवटी जिल्ह्याच्या गावी एका तरुण डॉक्टरनं, फाईल बाजूला ठेवून, एकच प्रश्न विचारला: "घरी जनावरं आहेत का? त्यातलं एखादं गाभडलं होतं का?" मग रक्ताची वेगळी तपासणी झाली आणि रोगाचं नाव कळलं. ब्रुसेलोसिस. सहा आठवडे दोन औषधं घेतली आणि दादा उठला. कंबर अजून थंडीत धरते, पण उठला.

आता माझी चूक. दादा आजारी पडायच्या आधीच ती गाय आम्ही आठवड्याच्या बाजारात विकली होती. बाजारात मी स्वतः उभा होतो. एका तरुण गडी-माणसानं, बहुधा पहिलीच गाय घेत असावा, मला विचारलं, "गाय कशी आहे, साहेब?" मी म्हणालो, "शांत आहे, कुणाच्याही हाताखाली धार देते, वैरणीला नखरा नाही." यातला शब्दन् शब्द खरा होता. गाभडल्याचं मात्र मी बोललो नाही. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही. कॉलेजात पशुसंवर्धनाच्या पेपरात 'सांसर्गिक गर्भपात' यावर मी टीप लिहिली होती. दोन गुणांची होती. दोन्ही मिळाले होते.

रोग काय आहे

ब्रुसेला नावाचे हे जिवाणू. गायी-म्हशींत एक जात, शेळ्या-मेंढ्यांत दुसरी. गाय नऊ महिने नऊ दिवस भरते, म्हैस दहा महिने दहा दिवस. त्यातले पाच महिने उलटले की गर्भाशयात, वारेत, एक विशिष्ट प्रकारची साखर तयार झालेली असते. हे जिवाणू त्या साखरेवर तुटून पडतात, अब्जावधींनी वाढतात. वार सडते, वासराचं पोषण तुटतं आणि गाय गाभ टाकते. म्हणून गाभण जनावर उत्तरार्धात गाभडलं आणि वर वार अडकली, तर आधी या रोगाची शंका घ्यायची. पडलेलं वासरू, वार आणि पुढचे काही आठवडे मायांगातून वाहणारा स्राव, यांत जिवाणूंचं भांडार असतं. शेजारची गाय ते चाटते, त्यावरची वैरण खाते आणि रोग तिच्यात जातो.

यातली फसवी गोष्ट पुढं आहे. बहुतेक गायी एकदाच गाभडतात. पुढच्या वेताला पूर्ण दिवस भरतात, वासरू देतात, दूध देतात. अंगावर तुकतुकी असते, डोळा स्वच्छ असतो. आपण म्हणतो, गेलं ते संकट. पण जिवाणू कासेत आणि गाठींत ठाण मांडून बसलेले असतात. दुधातून उतरतात, दर वेताला वारेतून बाहेर पडतात. गायीला या रोगावर उपचार करून ती निर्धास्त होत नाही. म्हणजे बाजारात उभी असलेली चांगली गाय पाहून तुम्हाला काहीही कळणार नाही. अगदी तज्ज्ञालासुद्धा नाही.

माणसात तो येतो तीन वाटांनी. एक, उघड्या हातावर चीर, ओरखडा असेल आणि त्याला वार किंवा स्राव लागला तर. दुसरी, गाभडलेल्या जागेची धूळ आणि तुषार नाकातोंडात, डोळ्यांत गेले तर. तिसरी, कच्चं दूध. धारोष्ण दुधाचं आपल्याला फार कौतुक. कोल्हापुरात तर कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन प्यायची पद्धत आजही आहे. पैलवानाला, लेकराला, बाळंतिणीला धारोष्ण द्यावं असं आपल्याकडं मानतात. भावांनो, एक उकळी आली की हा जिवाणू मरतो. त्या एका उकळीचं सरपण वाचवू नका. दही, ताक, लोणी करायचं तेही तापवलेल्या दुधाचं.

माणसाकडून माणसाला हा रोग सहसा जात नाही. म्हणून आजारी माणसाचं ताट वेगळं करायचं कारण नाही. पण पुरुषाचं वृषण सुजतं, पाठीच्या मणक्यात रोग बसतो, आणि गर्भवती बाईला झाला तर तिचाही गर्भ जाऊ शकतो. आणि गोठा कोण झाडतं? शेण कोण काढतं, वार कोण उचलतं? मायबहिणींनो, तुम्ही. सात-बाऱ्यावर तुमचं नाव नसतं, डेअरीच्या पुस्तकावर नसतं, पण रोगाच्या पहिल्या धक्क्याला तुम्ही पुढं असता.

माल्टाच्या शेळ्या

हे कोडं जगाला कसं उलगडलं ते सांगण्यासारखं आहे. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं बेट आहे. तिथं इंग्रजांची फौज होती आणि सैनिक महिनोन् महिने तापानं अंथरुणाला खिळायचे. १८८७ साली डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरनं मेलेल्या सैनिकाच्या प्लीहेतून हा जिवाणू शोधला. त्याच्या नावावरून ब्रुसेला. पण जिवाणू येतो कुठून, हे पुढची अठरा वर्षं कळलं नाही. हवा तपासली, पाणी तपासलं. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामिट या तिथल्याच डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं. धडधाकट दिसणाऱ्या शेळ्या, ज्या गल्लोगल्ली हिंडवून लोकांच्या दारात पिळल्या जात, त्यांच्याच दुधात रोग होता. १९०६ साली फौजेला ते दूध बंद केलं आणि फौजेतला ताप जवळजवळ संपला.

फौजेतला संपला, बेटावरच्या गरिबांचा नाही. फौजेला हुकूम करता येतो आणि पर्यायी दूधही पुरवता येतं. शेळीवाल्याचं पोट शेळीवर होतं, गरिबाच्या लेकराचं दूध तेच होतं. त्यांना पर्याय कुणी दिला नाही, म्हणून त्यांच्यात तो ताप पुढं कित्येक वर्षं राहिला. शोध लागला म्हणजे रोग गेला असं नसतं. त्या शोधाचा खर्च कुणी उचलायचा हे ठरेपर्यंत रोग जात नाही.

दुसरी गोष्ट एका बाईची. १८९७ साली डेन्मार्कमध्ये बँग या पशुवैद्यकानं गायींच्या गर्भपाताचा जिवाणू शोधला होता. तो वेगळा आणि माल्टाचा वेगळा, असंच सगळे मानत होते. अमेरिकेच्या शेती खात्यात काम करणाऱ्या अ‍ॅलिस इव्हान्स यांनी १९१८ साली दाखवून दिलं की ही जवळची भावंडं आहेत, आणि कच्च्या दुधात धोका आहे. दूधधंदेवाले हसले, शास्त्रज्ञ म्हणाले, असं असतं तर आम्हाला आधीच दिसलं असतं. पुढं १९२२ साली त्यांना स्वतःलाच हा रोग झाला. वर्षानुवर्षं ताप येई-जाई आणि डॉक्टर म्हणत, हा तुमच्या मनाचा थकवा आहे. ही गोष्ट वाचली तेव्हा मला ओसरीवर बसलेला दादा आठवला.

मारत नाही, म्हणून बातमी नाही

जनावरांकडून माणसाकडं येणारे रोग आपल्याला नवे नाहीत. फाशीचं जनावर सोलणाऱ्याला काळपुळी होते, हे जुनी माणसं जाणतात. कोकणात भातखाचरात उतरणाऱ्याला उंदराच्या, गुराच्या मुतातून लेप्टो होतो. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेग आला, तेव्हा मी शाळेत होतो. सुरतेतून लाखो माणसं पळाली आणि सारा देश हादरला.

ब्रुसेलानं कधी कुणी हादरत नाही. कारण तो क्वचितच मारतो. तो माणसाला कामातून उठवतो. शहरात पसरत नाही, गोठ्यात पसरतो. माणूस मेला तर पंचनामा होतो, वर्षभर कण्हत बसला तर घरच्यांशिवाय कुणाच्या वहीत त्याची नोंद होत नाही.

आपण लपवतो, पण का?

आता मुद्द्याचं. रोग पसरतो कसा, तर माझ्यासारखी माणसं गप्प बसतात म्हणून. आणि गप्प का बसतात, तर हिशेब तसा आहे. दिवसाला सरासरी १० लिटर देणारी गाय, ३०० दिवसांचं वेत, ३ हजार लिटर दूध. लिटरला ३० रुपये धरले तर ९० हजारांचं दूध. गाभडलेली गाय थोडंफार दूध देते, पण वेत हातचं गेलं. वर गाय घेताना काढलेलं कर्ज. आता त्या शेतकऱ्याला सांगा, "गाय रोगी आहे, ती वेगळी बांध, विकू नको, आयुष्यभर वैरण घाल." तो काय करील? जे आम्ही केलं तेच. बाजार दाखवील.

अमेरिकेनं १९३४ साली या रोगाविरुद्ध मोहीम काढली. जनावरं तपासायची, रोगी निघतील ती काढून टाकायची, आणि मालकाला सरकारनं भरपाई द्यायची. ऑस्ट्रेलियानंही तपासणी, लसीकरण आणि रोगी जनावरं काढून टाकणं हे सगळं केलं आणि १९८९ साली गायींतला हा रोग आपल्याकडं उरला नाही असं जाहीर केलं. आपल्याकडं १९७६ च्या कायद्यानं गाय कापायला बंदी आहे, २०१५ च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. त्या कायद्याच्या बऱ्या-वाईटावर आज बोलत नाही. पण रोगी गायीला बाहेर पडायचा दरवाजा एकच उरतो, तो म्हणजे दुसऱ्या शेतकऱ्याचा गोठा. २००९ च्या सांसर्गिक रोगांच्या केंद्रीय कायद्यात असा रोग कळवणं मालकावर बंधनकारक आहे, पशुवैद्यकाच्या लेखी आदेशानं रोगी जनावराला दयामरण द्यायची तरतूदही आहे. पण रोग कळवला म्हणून माझ्या गावात कुणाच्या हातात गायीची किंमत पडलेली मी पाहिलेली नाही. कळवायचं कर्तव्य शेतकऱ्याचं आणि कळवल्याचा तोटाही शेतकऱ्याचा. असा कायदा पाळला जात नाही, भावांनो, तो लपवाछपवी शिकवतो.

तरीही मी माझं पाप हिशेबामागं लपवणार नाही. हिशेब तसा होता हे खरं. त्या तरुणाला मी एक वाक्य सांगू शकलो असतो, हेही तितकंच खरं.

उद्यापासून गोठ्यात

घरी जाऊन करायच्या गोष्टी सांगतो. यांना सरकारची वाट पाहायची गरज नाही.

एक. गाय-म्हैस गाभडली तर उघड्या हातानं शिवायचं नाही. हातमोजे नसतील तर कोपरापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा, नाकातोंडाला फडकं बांधा. गर्भवती बाईला आणि लेकरांना गोठ्यात येऊ देऊ नका. अडकलेली वार पशुवैद्यकालाच काढू द्या.

दोन. वासरू, वार आणि खालची वैरण कुत्र्यांना, ओढ्याला, उकिरड्याला द्यायची नाही. खोल खड्डा, वर चुना, वर माती. पुरण्याआधी डॉक्टरांना बोलावून नमुना द्या. गाय वेगळी बांधा आणि जागा जंतुनाशकानं धुवा.

तीन. चार ते आठ महिन्यांच्या प्रत्येक कालवडीला आणि वगारीला ब्रुसेलाची लस टोचून घ्या. आयुष्यात एकदाच. नर वासराला नाही, गाभण जनावराला नाही. २०१९ साली केंद्रानं लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला या दोन रोगांसाठी १३,३४३ कोटींचा कार्यक्रम जाहीर केला. वर्षाला ३ कोटी ६० लाख मादी वासरांना ही लस टोचायची असं त्यात म्हटलं होतं. तुमच्या कालवडीच्या कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर बारा आकडी नंबर आहे, तिला ही लस मिळाली का, ते दवाखान्यात जाऊन विचारा. आणि टोचणाऱ्याला सांभाळा. ही लस जिवंत जिवाणूंची आहे, सुई त्याच्या हाताला लागली तर त्यालाच रोग होऊ शकतो. त्यासाठी वासरू घट्ट धरा.

चार. गाय विकत घेताना रक्ताची तपासणी मागा. घरी आणल्यावर महिनाभर वेगळी बांधा आणि पुन्हा तपासा.

पाच. घरात कुणाचा ताप दहा-पंधरा दिवसांत हटला नाही, रात्री घाम येतो, कंबर आणि सांधे धरतात, तर डॉक्टरनं विचारायची वाट पाहू नका. आपणच सांगा, "आमच्याकडं जनावरं आहेत, अमुक महिन्यात गाय गाभडली." या एका वाक्यानं माझ्या भावाचे चार महिने वाचले असते. औषधं सहा आठवड्यांची असतात. आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडली, तर रोग उलटतो.

आणि मागायचं काय

डेअरी आपल्या दुधातलं फॅट रोज मोजते. पॉइंटभर कमी आलं की भाव कापते. मोजायची एवढी हौस आहे, तर गायीच्या कॅनमधल्या दुधावर रिंग टेस्ट नावाची साधी चाचणी करता येते. दुधात रंगीत द्रव्याचा थेंब टाकायचा, रोगाची लक्षणं असतील तर वरच्या सायीला रंगाचं कडं येतं. ती चाचणी संकलन केंद्रावर ठराविक महिन्यांनी व्हावी. पण एका अटीवर: निकालावरून दुधाचा भाव कापायचा नाही. कडं दिसलं तर डॉक्टर गोठ्यात आला पाहिजे, दंडाची पावती नाही.

दुसरी मागणी, रोगी ठरलेल्या गायीची बाजारभावानं भरपाई, आणि तीही दाखला मिळेल त्या दिवशी. कुणी म्हणेल, शेतकऱ्यांचं आलं पुन्हा पैशावर. मी म्हणेन, होय. ही भीक नव्हे. आम्ही रोग लपवला नाही म्हणून शहरातल्या लेकरांच्या पेल्यात स्वच्छ दूध पडणार आहे. त्या स्वच्छतेचा खर्च सगळ्यांनी मिळून द्यायचा.

तिसरी, प्राथमिक आरोग्य केंद्रात लांबलेल्या तापाच्या माणसाला जनावरांबद्दल विचारलं जावं आणि या तपासणीची सोय तालुक्याला असावी. जनावरांचा दवाखाना आणि माणसांचा दवाखाना एकाच रस्त्यावर असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. रोगाला मात्र दोन्ही दारं ठाऊक आहेत.

भावांनो, तो तरुण मला पुन्हा सापडला नाही. पुढचे सात-आठ बाजार मी त्याला शोधत फिरलो. पावतीवर त्याचं अर्धंच नाव होतं. ती गाय आज कुणाच्या दावणीला आहे, तिच्या वारेला कुणी हात लावला, कुणाच्या ओसरीवर कोण घामेजून बसलं आहे, मला ठाऊक नाही. हे ओझं मी उतरवू शकत नाही. एवढंच करू शकतो की बाजारात उभं राहिल्यावर खरं बोलायचं, आणि खरं बोलणाऱ्याचं घर बुडू नये म्हणून तुमच्याबरोबर भांडायचं.

आज घरी गेल्यावर दावणीवरून एक नजर फिरवा. गेल्या दोन वर्षांत कोणती गाय, कोणती म्हैस गाभडली, ते आठवा. आणि तिच्याजवळ कोण होतं, तेही आठवा.